सामाईक जमिनीत आपण नेमके कोण? : भाऊबंदांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : ताजा सातबारा, जुने फेरफार, असल्यास खरेदीखत आणि एक शांत दुपार. यांपैकी शेवटची वस्तू तलाठी देत नाही.

1. सातबाऱ्यावर आपले नाव शोधावे. सापडताच बांधावर पाटी लावू नये. त्याच रकान्यात दोन काका, तीन आत्या आणि 'सामाईक क्षेत्र' असे शब्द असतील. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. हे वाक्य प्रत्येकाने फक्त दुसऱ्याला ऐकवायचे असते.

2. फेरफार क्रमांक धरून मागे मागे जावे. जमीन खरेदीने आली, वारसाने आली की एकत्र कुटुंबाची होती, हे तिथे कळते. मालकीचा प्रकार त्यावरच ठरतो.

3. एकत्र खरेदी असल्यास पैसे कोणी घातले ते पाहावे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याचे जितके पैसे, तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसल्यास हिस्से समान धरतात. 'व्यवहार मीच जुळवला' हे चलन इथे चालत नाही.

4. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली जमीन मृत्युपत्राविना मागे राहिली, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली यांचे हिस्से समान आणि स्वतंत्र. एखादा वारस गेला, तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांना जातो. तेराव्याआधी कुंपण सरकवणाऱ्याला नव्हे.

5. एकत्र कुटुंबाची जमीन असल्यास हक्क जन्मानेच मिळतो आणि पाळणा हलला की बाकीच्यांचा हिस्सा आकसतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे जन्महक्काची हिस्सेदार, झाली. 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 'तिच्या लग्नात खर्च केला की' हा मुद्दा जरूर मांडावा; वकिलांनाही संसार आहेत.

6. आंबे कोण उतरवतो यावरून मालक ठरवू नये. एका सहहिस्सेदाराचा ताबा सहसा सर्वांच्या वतीने मानला जातो, आंबे मात्र तो एकट्याच्या वतीने खातो.

हक्काबद्दल वाद नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. वाद निघाला, की दिवाणी न्यायालय आणि पुढची पिढी. तेव्हा एकमेकांकडचा चहा बंद होण्याआधी अर्ज करा.