बाहुबलाची कैफियत

ज्या पुरुषाने ऐन उमेदीत मल्लखांबावर आपल्या दंडांची कीर्ती गाजवली, त्याने उतारवयात विंडसर्फिंगच्या शिडाच्या बूमवर, म्हणजे हातांनी धरण्याच्या आडव्या दांड्यावर, दोऱ्या बांधून, कमरेच्या पट्ट्यावरील हुकाने स्वतःस त्यांत अडकवून घ्यावे आणि वाऱ्याविरुद्ध चाललेला आपला दावा बाहूंकडून काढून कटिप्रदेशाकडे वर्ग करावा, ही गोष्ट मला तत्त्वतः मान्य नाही. गोव्यातील दोनापावलच्या किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे सुटले, की हे तत्त्व सुनावणीवाचून तहकूब होते आणि माझी कंबर मुकाट्याने दोरी शोधू लागते, हे खरे; परंतु दिवाणी वकिलीत हयात घालवलेल्या मनुष्याने तत्त्व आणि व्यवहार यांची गल्लत करू नये, म्हणून ती दोन्ही मी वेगवेगळ्या दप्तरांत ठेवतो.

विंडसर्फिंगच्या हार्नेसची, म्हणजे या हूकवाल्या पट्ट्याची, दोरी इंचांच्या हिशेबाने विकली जाते. २४ इंचांची आखूड, ३२ इंचांची ऐसपैस. दोरीच्या झोळात कोपर ठेवून हात उभा धरला असता बूम मनगटाच्या आसपास यावा, असा एक जुना दंडक आहे. पण पट्टा कमरेभोवती बांधणाऱ्याचा हूक वर असतो आणि बैठकीचा पट्टा घालणाऱ्याचा बराच खाली, म्हणून दुसऱ्यास दोरी लांब लागते, हे पोटकलम त्या दंडकात कोणी नमूद करत नाही. मी अर्थातच दुकानातील सर्वांत लांब दोरी घेतली. कारण लांब दोरी हा लांब बाहूंचा पुरावा समजला जातो, आणि आजानुबाहू ठरण्याची संधी अवघ्या काही इंचांच्या फरकाने मिळत असताना ती नाकारण्याइतका मी विरक्त नाही. ती दोरी पोटाखाली स्वस्थ लोंबत राहिली, सारा भार पूर्ववत हातांवरच पडला आणि माझ्या बाहुबलाची अब्रू अनायासे शाबूत राहिली. पुढे मी लांबी कमीजास्त करता येणारी दोरी आणली. ती किनाऱ्यावर लोकांसमक्ष लांब असते आणि पाण्यात गेल्यावर आखूड होते. मात्र फारच आखूड केली, तर हूक वेळेवर सुटत नाही आणि वाऱ्याचा झोत येताच शीड आपल्या मालकासह बोर्डाच्या नाकापुढे जाऊन कोसळते.

लांबी ठरली तरी दोरी बूमवर कोठे बांधावी, हा हद्दीचा तंटा उरतोच. डोलकाठीपासून बूमच्या साधारण एक तृतीयांशावर, शीड एका हाताने तोलता येईल त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंस, मूठभर अंतर ठेवून, ही झाली पोथी. प्रत्यक्षात किनाऱ्यावरून जाणारा प्रत्येक इसम त्या गाठी हक्काने सरकवतो, आपल्या शिडाचा आकार आणि आपल्या उंचीचे माप सांगतो, आणि माझी उंची न विचारता निघून जातो. शिकवणारा पोरगा तेवढा हुशार. तो लांबूनच ओरडला, "अंकल, मागचा हात दुखतो ना? मग दोरी मागं घ्या. हात कशाला सरकवता?"

येथे मला एका खटल्याचा मोह आवरत नाही, आणि आवरावा असे वाटतही नाही. कॅलिफोर्नियाच्या हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या द्वयाने १९६८ साली शीड लावलेल्या या फळीच्या सनदेसाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला. सनद मिळाली, आणि श्वाइत्झरांच्या कंपनीने तिच्या जोरावर विलायतेतही फिर्याद गुदरली. प्रतिवादी ताबूर मरीनने कैफियत दिली, की इंग्लंडच्या दक्षिणेकडील हेलिंग बेटावर १९५८ सालीच पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने असेच शीड फळीवर उभारून पाण्यात घातले होते. शिवाय १९६५ साली न्यूमन डार्बी यांनी 'पॉप्युलर सायन्स' मासिकात आपल्या शिडाच्या फळीवर लिहिलेला लेखही दाखल झाला. वादीचा मुद्दा असा, की आमचा बूम कमानदार आणि त्या पोराचा सरळ. अपील न्यायालयाने १९८५ साली निकाल देताना हे लक्षात घेतले, की शिडात वारा भरला म्हणजे त्या पोराचा सरळ बूमही वाकून कमानीसारखा होत असे. सनद रद्द झाली. प्रत्यक्ष वाऱ्याने प्रतिवादीच्या बाजूने साक्ष द्यावी, आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणत्याही बॅरिस्टरास करता येऊ नये! असा एक साक्षीदार मला मिळता, तर माझी वकिली वेगळ्या वळणास गेली असती.

परंतु या निकालाचा आनंद मला पुरता लाभत नाही. ज्या पोराने फळी, काठी आणि कापड जमवून खेळ मांडला, त्याने सनद मागितलीच नव्हती. बड्या लोकांना एकमेकांचा हक्क खोडायचा होता, म्हणून त्याचे बालपण पुराव्यास लागले. हार्नेसचेही तसेच. हवाईतील कैलुआच्या तरुणांनी १९७० च्या दशकात हातांना विसावा मिळावा म्हणून हार्नेस वापरात आणला. त्यांची नावे आम्हा पट्टे विकत घेणाऱ्यांना ठाऊक नाहीत, आणि दोनापावलच्या एका किनाऱ्याला 'हवाई बीच' म्हणून आम्ही त्यांच्या ऋणातून मोकळे झालो आहोत. जे घट्ट धरले ते आपले, ही कब्जेदाराची बुद्धी सनदेच्या मालकात असते तशीच माझ्या दंडांतही आहे, हे मला त्या निकालपत्रापेक्षा शिडाने अधिक स्पष्ट बजावले. झोपाळ्यावर बसलेला मनुष्य कड्यांना लोंबकळत नाही, आपला भार पाटावर सोडतो. दोरी नीट बसली, म्हणजे शिडाचा ओढा कमरेवर येतो आणि बोटे बूमवर नुसती टेकलेली राहतात. त्या घटकेस माझे बाहू बेकार असतात आणि मी, लाज सोडून सांगतो, सुखी असतो.

तेव्हा वाचकहो, दोरी स्वतःच्या कोपराने मोजा. मागचा हात भरून आला तर ती मागे घ्या, पुढचा आला तर पुढे घ्या. वारा वाढला, की ओढ्याची जागा मागे सरकते, म्हणून गाठ पुन्हा तपासा. आतला दोर झिजला असेल, तर दोरीवर चढवलेल्या नळीच्या चकचकीतपणावर विसंबू नका. आणि किनाऱ्यावरून कोणी फुकटचा सल्ला देऊ लागला, तर वाद न घालता शीड त्याच्या हाती द्या आणि त्यालाच पाण्यात पाठवा.