तीन वाजताचे चार साहेब

मंगळवारी दुपारी तीन वाजता साहेबांच्या कॅलेंडरवर चार मीटिंगा आहेत. साहेब एकच आहेत, निदान एचआरच्या नोंदीत तरी. चारही इन्व्हाइट त्यांनी स्वतः स्वीकारलीत, विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत उभ्या उभ्या, अंगठ्याने. ‘हो’ म्हणायला त्यांचं काय जातंय? निस्तरायला केबिनबाहेर पीए बसलेली आहे.

आऊटलुकमध्ये साहेब आपलं कॅलेंडर पीएच्या हवाली करतात, त्याला डेलिगेट नेमणं म्हणतात. आलेल्या इन्व्हाइटवर हो-नाही कुणी करायचं, हेही तिथेच ठरवता येतं. आणि ते काम दोघांपैकी एकानेच करावं, दोघांनी हात घातला की गोंधळ होतो, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलंय. पण कारभार सोपवायचा आणि किल्ली मात्र कनवटीलाच ठेवायची, ही आपली जुनी साहेबी. पीए साहेबांच्या वतीने नम्र नकार पाठवते. चार मिनिटांत साहेबांच्या मोबाइलवरून होकार जातो. बोलावणाऱ्याकडे एकाच माणसाची दोन उत्तरं पोहोचतात आणि त्याला सोयीचं तेवढं तो खरं धरतो. मग ऐन वेळी साहेब दिसले नाहीत की फोन कुणाला? पीएला. ‘मॅडम, सरांनी अ‍ॅक्सेप्ट केलं होतं.’ केलं होतं हो. सर सगळंच अ‍ॅक्सेप्ट करतात.

कंपनीचं म्हणणं असं की कॅलेंडर सगळ्यांना दिसतं, म्हणजे कारभार पारदर्शक. दिसतं ना, पण त्यातलं खरं किती, ते कोण सांगणार? ते पीएला ठाऊक असतं आणि दुसऱ्या पीएने विचारलं तरच ती सांगते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत दुपारी कान द्या.

‘अगं, तुझ्या साहेबांचं साडेचारचं खरंय का?’

‘छे गं, नुसतं अडवून ठेवलंय. पाठव तुझ्या मॅडमना. पण वीसच मिनिटं हं, पुढचं खरं आहे.’

कोट्यवधींचं सॉफ्टवेअर एका बाजूला आणि हा संवाद एका बाजूला. काम होतं ते याच्यावर.

अडवून ठेवण्याचंही शास्त्र आहे. ‘जेवण’ असं लिहिलं तर त्या जागेवर कुणीही बेलाशक मीटिंग टाकतो. जेवायला काय, साहेब नंतरही जेवतील! म्हणून हुशार पीए तिथे ‘प्रोजेक्ट गरुड : आढावा’ असं लिहिते. त्या आढाव्यात डबा, ताक आणि पंधरा मिनिटं डोळे मिटणं एवढंच असतं. पण नाव भारदस्त असल्यामुळे कुणी हात लावत नाही. अडचण एकच. महिन्याभरात दोन महत्त्वाकांक्षी मॅनेजर येऊन हळूच विचारतात, ‘गरुडमध्ये आम्हाला का नाही घेतलं?’ आणि खासगीचं कुलूप लावावं तर ते आणखी वाईट. कुलूप दिसलं की मजल्यावर कुजबूज सुरू : साहेब चालले वाटतं दुसरीकडे. साहेब चाललेले असतात दाताच्या डॉक्टरकडे.

खरी परीक्षा मार्चात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, आणि आपलं घड्याळ जागचं हलत नाही. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा साप्ताहिक कॉल थंडीत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो, तो मार्चात एकदम साडेसहावर येतो. लंडनच्या दुपारी दोनचं दोन-तीन आठवड्यांपुरतं एक होतं, म्हणजे तिथल्यांच्या सँडविचवर गदा. ऑक्टोबरअखेर पुन्हा आठवडाभर तोच तमाशा, कारण तेव्हा ब्रिटन आधी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मीटिंगची मालिका ज्या गावच्या वेळेवर बांधलेली असते, ते गाव निवांत आणि बाकीच्यांची पळापळ. कंपनीत वजन कुणाचं, हे पाहायला ताळेबंद उघडायची गरज नाही. मार्चात कुणाचा कॉल हलला नाही, एवढं बघा. पुण्या-मुंबईच्या वेळेवर बांधलेला कॉल मला अजून कुणी दाखवलेला नाही.

इतकं करून साहेब साडेसातलाच लॉगिन करतात. समोर रिकामा चौकोन. ‘हे काय, कुणीच नाही?’ सगळे येऊन, बोलून, गेलेले असतात.

दर आठवड्याच्या मीटिंगांचं आणखी एक दुखणं म्हणजे त्यांना मरण नसतं. टाकताना शेवटची तारीख द्यायची सोय असते, पण ती देतो कोण? प्रकल्प संपतो, बोलावणारा माणूस नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत मीटिंगा लावू लागतो आणि त्याची सोमवारची साडेदहा इथे कॅलेंडरवर तशीच लटकत राहते. ती काढावी तर जाब विचारतील, ठेवावी तर जागा अडते. जाब विचारणारे अर्थातच तिला कधी हजर राहिलेले नसतात.

कॅनडाच्या शॉपिफाय कंपनीने जानेवारी 2023 मध्ये दोनपेक्षा जास्त माणसांच्या असल्या ठरावीक मीटिंगा सरसकट उडवल्या. कॅलेंडरांवरच्या सुमारे 12,000 नोंदी गेल्या, शिवाय बुधवार मीटिंगमुक्त. आपल्या साहेबांनी हे कुठेतरी वाचलं आणि त्यांना ते फारच आवडलं. मीटिंगा कमी कशा कराव्यात यावर विचारविनिमयासाठी त्यांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलंय. दर गुरुवारी, एक तास.

इन्व्हाइट गेल्या गेल्या विभागप्रमुखांच्या पीएंचे फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच : शेवटची तारीख टाकलीस ना गं?

तिने सहा आठवडे टाकलेत. साहेबांना विचारलेलं नाही.