डेरियन गॅपचे नाना

जगप्रवासाला निघणारा माणूस हल्ली गावोगाव भेटतो. निघालेला नव्हे, निघणारा. वरवंडच्या नानांकडे अजून मोटारहोम नाही, पण त्यातल्या मोरीचा उतार कुठल्या बाजूला काढायचा हे ठरलेलं आहे.

कुरकुंभला वाहतूक तुंबली होती असं कुणी म्हटलं, की नाना हसतात. "हे काहीच नाही. डेरियन गॅपला काय कराल?"

पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये शंभरेक किलोमीटर जंगल आणि दलदल आहे. अलास्काहून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जाणारा महामार्ग नेमका तिथे तुटतो आणि गाडी जहाजावर चढवावी लागते. या तुकड्याची काळजी अख्ख्या दौंड तालुक्यात एकटे नाना वाहतात. ऊसतोड लांबली, डेरियन गॅप. कालव्याचं आवर्तन चुकलं, डेरियन गॅप. भाच्याच्या सुपारीत मुलीकडच्यांनी "पुढचं कसं काय ठरवलंय?" असं विचारलं, तेव्हा नाना खाकरले आणि भाच्याने घाईघाईने चहा मागवला.

बाकी अडचणी त्यांनी कागदावर निकालात काढल्या आहेत. पाकिस्तानातला वाघा सरहद्दीचा रस्ता बंद, म्यानमार पेटलेला. मग नेपाळमार्गे तिबेट. तिथे सरकारमान्य चिनी गाइड बरोबर घ्यावा लागतो. "तो जेवणार काय?" हा नानींचा प्रश्न मात्र अनिर्णित आहे. गाडी परदेशात विकणार नाही, परत आणू, अशी हमी देणारं 'कार्ने' मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. त्याचे नियम नानांना तोंडपाठ. आंतरराष्ट्रीय परवाना तर त्यांनी बारामतीच्या आरटीओतून काढलासुद्धा. त्याची मुदत एक वर्ष. ती कपाटातच संपली.

1923 साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले आणि त्यातले तिघे 1928 मध्ये फेरी पुरी करून परतले, हे कुणीतरी नानांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "डेरियन गॅपमधून गेले का?" नव्हते गेले. विषय संपला.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी येते, तेव्हा नाना टेप घेऊन दिंड्यांच्या ट्रकभोवती फिरतात. पाण्याची टाकी कुठे, शेगडी कशी बांधली, ताडपत्रीची दोरी कुठून ओवली, सगळं वहीत. एका ट्रकवाल्याला त्यांनी सांडपाण्याच्या वेगळ्या टाकीचं महत्त्व पटवलं आणि मग सवयीने विचारलं, "समजा, मधेच शंभर किलोमीटर रस्ताच नसला तर?"

"माणसं तर चालतातच की आमची," तो तंबाखू मळत म्हणाला. "गाडी नुसती सामानाला."

नानांनी हे वहीत उतरवलं नाही.

तरीही त्यांच्यावर पुरतं हसता येत नाही, त्याला कारण ती वही. पहिल्या पानांवरच्या आराखड्यात चार बर्थ आहेत. मुलीच्या लग्नानंतर तीन झाले. मुलगा हिंजवडीला फ्लॅट घेऊन राहिला, तेव्हा उरलेले दोन, त्यातला एक खाली सरकवलेला, कारण नानींचे गुडघे. त्याच गुडघ्यांसाठी नानांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून गाडीत चढायची लोखंडी पायरी करून घेतली: खाली रबर, कडेला धरायला दांडी, दोनदा परत नेऊन उंची कमी केलेली. मोटारहोमचा आजवर तयार झालेला भाग तेवढाच. सध्या तिच्यावर चढून नानी वाळवणाची दोरी गाठतात.

परवा नानींना समजलं की नेपाळला जायला भारतीयांना पासपोर्टही लागत नाही.

"मग तेवढं तरी उरकू या," त्या म्हणाल्या. "टुरिस्टची गाडी करू. ते तुमचं डेरियन गॅप काही त्या वाटेवर नाही ना?"

नानांनी नकाशा पसरला. गोरखपूर, सोनौली, पोखरा. बोट दोनदा फिरवून पाहिलं. नव्हतं खरंच. नाना जरा हिरमुसलेच.