विमानात कोण बसलंय?

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका विमानतळावरून एक खासगी जेट टोरांटोला निघालं. अशी विमानं तिथून रोज उडतात. श्रीमंतांची रिक्षाच ती. पण त्या दिवशी हजारो धडधाकट माणसांनी हातातली कामं टाकून मोबाइलच्या नकाशावर त्या विमानाचा ठिपका सरकताना पाहिला. उंची किती, वेग किती, उतरायला अजून किती वेळ, याची खडानखडा माहिती प्रत्येकाकडे होती. आत कोण बसलंय याचीही होती. शोहेई ओहतानी! त्याला विमानात चढताना कुणी पाहिलं, असं विचारणाऱ्याला त्या दिवशी रसिकांच्या पंगतीत पान मिळालं नसतं.

ओहतानी म्हणजे बेसबॉलमधला तो अजब जपानी गडी, जो स्वतः चेंडू फेकतो आणि दुसऱ्यानं फेकलेला प्रेक्षकांत धाडतो. एंजल्स संघाशी त्याचा करार संपला होता. टोरांटोच्या ब्लू जेजना आशा लागली होती. स्थळ उत्तम, होकार अजून नाही, पण नकारही आलेला नाही, अशा घरात जे वातावरण असतं ते अख्ख्या शहरात होतं. मग पुरावे जमू लागले. ब्लू जेजचाच पिचर युसेई किकुची यानं म्हणे स्टेडियमजवळचं सुशीचं एक आख्खं हॉटेल पन्नासेक पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय. किकुची आणि ओहतानी तर हानामाकी हिगाशी या एकाच शाळेचे! शाळा एक, देश एक, सुशी आहे, विमान आहे. आता काय पत्रिका जुळवायची?

डॉजर्स संघाच्या बातम्या देणाऱ्या एका वार्ताहरानं ओहतानी टोरांटोचा झाल्याचं सांगून टाकलं. लीगच्या स्वतःच्या वाहिनीवरच्या जॉन मोरोसी यांनी तो टोरांटोकडे निघाल्याचं सांगितलं. विमान उतरलं, दार उघडलं आणि बाहेर आले रॉबर्ट हर्जावेक. कॅनडाचे उद्योगपती, टीव्हीवरच्या ‘शार्क टँक’मधले. चेंडूशी त्यांचा काही संबंध नाही. ज्याच्या नावानं हा सगळा जागर चालला होता तो कॅलिफोर्नियात आपल्या घरी होता. मोरोसींनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ओहतानीनं इन्स्टाग्रामवर कळवलं की तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे चाललाय. एंजल्सच्या एनाहाइमहून लॉस एंजेलिसला जायला विमान लागत नाही. मोटारीनं तासाभरात पोचता येतं, रहदारी नसेल तर. म्हणजे कधीच नाही.

करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी तो मागाहून, २०३४ ते २०४३ या काळात घेणार. तूर्त वर्षाला २० लाख. शुक्रवारी जे हवाई वाहतुकीचे तज्ज्ञ होते ते करार कळताच चार्टर्ड अकाउंटंट झाले. उद्याच्या ६८ कोटींची आजची किंमत किती, लीगच्या हिशेबात हा करार वर्षाला ४ कोटी ६० लाखांच्या आसपास कसा धरायचा, कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर कसा वाचणार, यावर अशा माणसांनी मतं दिली ज्यांच्या स्वतःच्या विवरणपत्राची मुदत दरवर्षी टळते.

त्याच्या आदल्याच डिसेंबरात वेगळी गंमत झाली होती. न्यूयॉर्क यांकीजचा धिप्पाड फलंदाज ॲरन जज मोकळा होता आणि ‘न्यूयॉर्क पोस्ट’चे जॉन हेमन यांना घाई होती. त्यांनी जज सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सकडे निघालाय असं टंकलं, पण ‘ॲरन’च्या जागी ‘आरसन’ पडलं. इंग्रजीत त्याचा अर्थ जाळपोळ. काही मिनिटांत हेमन यांनी घाई झाल्याची कबुली दिली, पण तेवढ्यात सॅन फ्रान्सिस्कोत दिवाळी होऊन गेली होती. जज दुसऱ्या दिवशी ९ वर्षं आणि ३६ कोटी डॉलरच्या बोलीवर यांकीजकडेच राहिला. जाळपोळ हे नाव त्याला अजून चिकटलेलं आहे.

आता काटेकोर वाचक म्हणेल की ही दोन्ही उदाहरणं मोकळ्या खेळाडूंची, अदलाबदलीची नव्हेत. मान्य. खरी मौज अदलाबदलीतच आहे. बेसबॉलमध्ये एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात त्यांचा घेतो. यात खेळाडूला विचारण्याची पद्धत सहसा नाही. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. सरकारी बदल्यांचा हंगाम त्यानं पाहिलेला असतो. फरक इतकाच, की आपल्याकडे बदली थांबवायला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवता येतात. तिकडे थोरल्या लीगमध्ये १० वर्षं काढावी लागतात, त्यातली शेवटची ५ एकाच संघात. मग कुठे ‘मी जात नाही’ म्हणण्याचा हक्क मिळतो. हा हक्क आला त्याआधी कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूची कारकीर्द नकारापायी गेली. सेंट लुइसनं १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तो जायला तयार झाला नाही, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ असा हरला.

पूर्वी या सौद्यांची शेवटची तारीख १५ जून असे, १९८६ पासून ती साधारण ३१ जुलै झाली. तारीख जवळ येऊ लागली की बातम्यांची एक खास बोली सुरू होते. ‘संघानं चौकशी केली आहे’ म्हणजे कुणीतरी फोन केला होता, दुसऱ्याच कामासाठी. ‘प्रस्ताव ऐकून घेण्याची तयारी आहे’ म्हणजे विकायचाय, पण गिऱ्हाईक नाही. ‘एक अज्ञात संघही शर्यतीत आहे’ असं आलं, की एजंटला भाव वाढवून हवाय. आणि ‘सूत्रां’बद्दल काय बोलावं! महाराष्ट्रात मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्या वाचून मोठा झालेला माणूस अमेरिकेत उतरला तर या एका बाबतीत त्याला परकं वाटायचं कारण नाही.

रसिक काही नुसता ऐकून घेत नाही. त्याच्याकडे स्वतःचे प्रस्ताव तयार असतात आणि ते सगळे एकाच साच्यातले: आमची तीन होतकरू पोरं घ्या (एकाचा खांदा दुखतो, दुसऱ्याला वळणारा चेंडू दिसत नाही, तिसऱ्याचं नाव रसिकालाही नीट आठवत नाही), तुमचा सर्वोत्तम खेळाडू द्या, आणि हो, त्याचा निम्मा पगार तुम्हीच भरा. मंडईत पावशेर मिरच्यांवर कोथिंबिरीची जुडी फुकट मागणाऱ्यालाही यापेक्षा लाज असते. समोरून असाच प्रस्ताव आला, की मात्र हीच तीन पोरं एकदम अनमोल होतात.

पोरगा देऊन बसण्याच्या या भीतीला इतिहासाचा आधार आहे, हे कबूल करायला हवं. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटनं अटलांटाकडून ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. त्यानं ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, डेट्रॉइटनं विभागाचं अजिंक्यपद मिळवलं. बदल्यात गेला होता खालच्या लीगमधला २० वर्षांचा एक पोरगा, तोही डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यातला. त्याचं नाव जॉन स्मोल्ट्झ. २०१५ मध्ये तो ‘हॉल ऑफ फेम’मध्ये बसला. बोस्टननं १९९० मध्ये लॅरी अँडरसन नावाच्या पिचरला आणलं आणि त्याच्याकडून पुऱ्या २२ इनिंग टाकून घेतल्या. त्यासाठी दिला जेफ बॅगवेल, बोस्टनमध्येच जन्मलेला. हाही २०१७ पासून ‘हॉल ऑफ फेम’मध्ये. तेव्हापासून प्रत्येक गावातल्या प्रत्येक रसिकाला आपल्या प्रत्येक पोरात बॅगवेल दिसतो.

मुदतीच्या अखेरच्या दिवसांतला आणखी एक उद्योग म्हणजे मिठ्यांवर पाळत. चालू सामन्यातून एखाद्याला कारण न सांगता बाहेर काढलं, की कॅमेरे डगआउटकडे वळतात. त्याला कुणी मिठी मारली का? पाठीवर थाप की पूर्ण मिठी? थाप असेल तर पाय मुरगळलाय, मिठी असेल तर बदली. सासरी निघालेल्या मुलीच्या गळ्यात कोण किती वेळ पडलं हेही कुणी इतकं मोजत नाही.

आणि मग २९ जुलै २०१५ ची रात्र. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं सिटी फील्ड, मेट्स विरुद्ध सॅन दिएगो. मेट्सचा शॉर्टस्टॉप विल्मर फ्लोरेस व्हेनेझुएलाचा, वयाच्या १६ व्या वर्षापासून याच संघाच्या आश्रयाला. टीव्हीवरची ‘फ्रेंड्स’ ही मालिका पाहून इंग्रजी शिकला, आणि फलंदाजीला येताना तिचंच शीर्षकगीत लावायला सांगायचा. सामना चालू असताना बातमी फुटली: फ्लोरेस आणि झॅक व्हीलर मिल्वॉकीला, बदल्यात कार्लोस गोमेझ. स्टेडियममधल्या प्रत्येक खिशात मोबाइल होता. डगआउटमध्ये मोबाइलला बंदी. म्हणजे नाचो खाणाऱ्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त फ्लोरेसला.

तो फलंदाजीला आला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फ्लोरेस त्या रात्री काही फार ग्रेट खेळत नव्हता. त्यानं एक साधा चेंडू जमिनीवर मारला, बाद झाला, परत निघाला, तरी टाळ्या थांबेनात. मग कुणीतरी त्याला सांगितलं. पुढच्या इनिंगला त्याला पुन्हा क्षेत्ररक्षणाला पाठवलं, कारण व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांनाही काहीच कळवलेलं नव्हतं. हा पोरगा रडतोय का, हेच त्यांना समजेना. तो बाहीनं डोळे पुसत शॉर्टस्टॉपला उभा राहिला आणि कॅमेऱ्यांनी ती बाही देशभर दाखवली.

सामना संपल्यावर महाव्यवस्थापक सँडी आल्डरसन यांनी सांगितलं की सौदा झालेलाच नाही. गोमेझच्या खुब्याच्या तपासणीवरून सगळं फिसकटलं. म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दोन दिवसांनी, ३१ जुलैला, वॉशिंग्टनविरुद्ध १२ व्या इनिंगमध्ये याच फ्लोरेसनं होमरन ठोकून सामना जिंकून दिला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचं संघाचं नाव मुठीत धरून हलवलं. स्टेडियम वेडं झालं. त्यात परवा त्याला निरोप देऊन मोकळे झालेलेही होते.

यावर कुणी म्हणेल, एवढं पोळल्यावर माणसं ताक फुंकून प्यायला शिकली असतील. शिकली. चुकीच्या वेळी. २०२५ च्या फेब्रुवारीत बास्केटबॉलमधल्या डॅलस संघानं आपला लाडका लुका डाँचिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस घेतला. आधी कुजबुजसुद्धा नव्हती. ईएसपीएनचे शॅम्स चरानिया यांनी मध्यरात्री बातमी दिली, तेव्हा लोकांनी एकमुखानं निदान केलं: खातं हॅक झालंय. हे खरंच आहे, असं चरानियांना पुन्हा लिहून कळवावं लागलं. वर्षभर सुशीच्या हॉटेलवर विश्वास ठेवणाऱ्या जनतेनं नेमकी खरी बातमी पुरावा मागून अडवली.

आपल्याकडे हे नाही असं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी गुजरात टायटन्सनं राखलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिक पंड्याचं नाव होतं आणि मुंबई इंडियन्समधल्या त्याच्या परतीच्या बातम्याही त्याच संध्याकाळी होत्या. एकाच वेळी दोन्ही घरच्या पंगतीत पान. पुढे वानखेडेवर त्याची हुर्यो झाली आणि त्याच वानखेडेनं ४ जुलै २०२४ ला, विश्वचषक जिंकून आल्यावर, त्याच्या नावाचा गजर केला.

पण सौदा म्हणावा तर हॅरी चिटीचा. १९६२ च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलँडनं हा कॅचर न्यूयॉर्क मेट्सला दिला. बदल्यात कोण, ते नाव मागाहून कळवायचं ठरलं. मेट्सचा तो पहिलाच हंगाम, त्यात ते १२० सामने हरले. चिटी त्यांच्याकडून १५ सामने खेळला. जूनमध्ये नाव कळवायची वेळ आली तेव्हा मेट्सनी कळवलं: हॅरी चिटी. गडी आपल्याच बदल्यात परत क्लीव्हलँडकडे गेला. या सौद्यात कोणता संघ बुडाला, यावर आजही दोन तट पडतात.