सावलीचा सातबारा

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कुठल्याही रो-हाउस सोसायटीत वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या की समजावे, उन्हाळा आला. फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो आणि दारापुढे बिल्डरने नियमाच्या धाकाने सोडलेल्या मोकळ्या पट्टीवर चार पाइप उभे करून निळा पत्रा चढवून जातो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ऊन फार. यावर उलट प्रश्न कोणी करत नाही. सुरतेच्या दक्षिणेला, जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या धुराड्यांशेजारी राहणाऱ्या माणसाला ‘ऊन तितकेसे नाही’ असे सांगायला फारच थंड डोके लागेल. तरीही एक शंका नोंदवणे भाग आहे. ही शेड उन्हासाठी बसवलेली नसते. या प्रकरणात ऊन फक्त अर्जदार आहे. लाभार्थी वेगळाच आहे. व्यवहार जागेचा असतो आणि सावली त्या व्यवहाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून अंगठा उमटवते.

पुराव्यासाठी आधी सूर्यालाच बोलावू. सचिन साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. जुलैतला ढगांत हरवतो, मेमधला मात्र हजेरी चुकवत नाही. त्या तास-दोन तासांत सपाट छप्पर उपयोगी पडते, हे मान्य. पण त्या वेळी दारापुढे बसतो कोण? माणसे कारखान्यात असतात, नाहीतर आतल्या खोलीत पंख्याखाली. खरा छळ दुपारी तीननंतर सुरू होतो, जेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपे येऊन थेट भिंतीवर आणि तोंडावर पडते. या उन्हाला आडव्या पत्र्याचा काही अडथळा नाही; ते त्याच्या खालून, पाहुण्यासारखे न वाकता आत येते. त्याला अडवायला उभे काहीतरी लागते : बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, निदान हिरवी जाळी. आता रांगेतली घरे बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराला जी शेड, तीच पूर्वेकडच्याला. उत्तरेकडे तोंड असलेल्या घराच्या दारात हिवाळाभर उन्हाचा कवडसाही येत नाही, पण शेड तिथेही तेवढीच लांब-रुंद आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला आले की नाही हे बघायला आपण वास्तुपंडित बोलावतो. सूर्य पश्चिमेला मावळतो हे बघायला पंडित लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी बघत नाही. फॅब्रिकेटरलाही दोष देता येत नाही. त्याला कोणी ‘ऊन कुठून येते’ असे विचारलेलेच नसते. त्याला विचारतात, ‘कितीपर्यंत बाहेर काढता येईल?’ आणि तो शेजारच्या शेडकडे बोट दाखवतो.

साक्ष क्रमांक दोन, खुद्द पत्रा. हा कलर कोटेड पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. भर दुपारी तो साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि मग खाली बसलेल्याच्या टाळूवर उलटा टांगलेला तवा होतो. वर तापते ऊन, खाली तापतो पत्रा. फरक इतकाच की उन्हाला संध्याकाळी घरी जावे लागते. बरे, तो उंच तरी असावा? तेही नाही. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली बसवायचा म्हणून तो दाराच्या चौकटीला जेमतेम डोके लागणार नाही इतका खाली येतो. पावसाचे पाणी भिंतीवरून झिरपू नये म्हणून भिंत आणि पत्रा यांच्यातली फट सिमेंटने बुजवली जाते. म्हणजे तापून वर चढलेली हवा ज्या एकुलत्या एका वाटेने निघून गेली असती, ती वाटच बंद. ही हवा मग सभ्यपणे दारावरच्या व्हेंटिलेटरमधून घरात शिरते. संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा नैर्ऋत्येकडून गल्लीत शिरू बघतो, तर दोन्ही बाजूंनी शेडी समोरासमोर आलेल्या. अशा रीतीने जुन्या घरात फक्त ऊन होते. आता ऊन, पत्र्याची धग आणि कोंडलेली हवा असा संच मिळतो.

यावर उपाय निघतात, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी शेडखाली पंखा लागतो. तो छताखाली साचलेली गरम हवा इमानेइतबारे खाली पोचवतो. मग कूलर येतो. पण सुरतेची हवा मुळातच दमट, तिला आणखी पाणी पाजून काय मिळणार? मग तिन्ही बाजूंनी ग्रिल, ग्रिलला काच, आणि काच लागली की एसी. इथे एक चमत्कार घडलेला असतो, पण तो इतका हळू घडतो की कोणाच्या लक्षात येत नाही. सावली गेलेली असते आणि खोली आलेली असते. पहिल्या वर्षी पाइप, दुसऱ्या वर्षी खाली टाइल्स, तिसऱ्या वर्षी ग्रिल, चौथ्या वर्षी शटर. पाचव्या वर्षी त्या शटरमागे मोबाइल रिचार्जचे दुकान निघते किंवा भाडेकरू राहायला येतो, आणि घरमालक गल्लीत खुर्ची टाकून बसतो, कारण आत फार उकडते. जी वस्तू थंडाव्यासाठी आली, ती दर पायरीला घर अधिक तापवत गेली. पण दर पायरीला घर मोठेही होत गेले. एखादे औषध पाच वर्षे ताप वाढवत असेल आणि तरी रोगी ते आनंदाने घेत असेल, तर त्याला ताप नव्हता, दुसरेच काहीतरी हवे होते असे मानणे भाग आहे.

सचिनला जागेचा असा व्यवहार नवा नाही. हे गाव संस्थान झाले तेच मुळी जागेच्या अदलाबदलीतून. १७९१ साली पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळूमियाँकडून जंजिऱ्यावरचा हक्क लिहून घेतला आणि बदल्यात त्याला सुरतेजवळची ही गावे दिली. बाळूमियाँचे वारस १९४८ पर्यंत सचिनचे नवाब म्हणून नांदले. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही, कारण कागदावरचा हक्क त्यांच्याकडे आणि किल्ल्याचा ताबा भलत्याकडे. दस्तावेजापेक्षा ताबा मोठा, हा धडा या मातीत सव्वादोनशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. आजचा रो-हाउसवाला तोच धडा पुढे चालवतो आहे, फक्त तोफांऐवजी वेल्डिंग मशीन घेऊन.

आणि सरकारही इतिहासाशी इमान राखून आहे. अनधिकृत बांधकाम पैसे भरून अधिकृत करण्याचा कायदा गुजरातमध्ये २००१ साली आला. मग २०११ साली आला. मग २०२२ साली आधी वटहुकूम आणि नंतर कायदा म्हणून आला, आणि अर्जाची मुदत वाढत वाढत गेली. लोक त्याला ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. मार्जिन, म्हणजे दारापुढची ती मोकळी पट्टी, सोडायची असते ती उजेड, वारा आणि वेळ पडलीच तर बंबाची गाडी यांच्यासाठी; पण साधारण दहा-अकरा वर्षांनी त्या उजेड-वाऱ्याचा काही भाग रीतसर पावती फाडून विकत घेता येतो, हे एकदा कळल्यावर मोकळी जागा मोकळी ठेवणारा माणूस नागरिक नव्हे, भाबडा ठरतो. त्यातून शेजाऱ्याने पत्रा टाकला की त्याचे पाणी आणि त्याची धग आपल्या ओट्यावर येते. मग आपणही टाकतो. अशी पूर्ण रांग झाकली जाते, आणि कोणीही सुरुवात केलेली नसते.

आता आक्षेप. पहिला पावसाचा : सुरतेकडे जून ते सप्टेंबर धो धो कोसळतो, तेव्हा शेड नको का? अगदी हवी. पण मग तिला उन्हाची शेड म्हणू नका. मुंबईत महापालिका पावसाळी शेडला परवानगी देते ती तात्पुरती, पावसाळा संपला की उतरवण्याच्या अटीवर. अट किती पाळली जाते हे मुंबईकरांना विचारू नये, पण निदान पावसाला मुदत असते हे तिथे कागदोपत्री तरी मान्य आहे. शिवाय पाऊस अडवायला टाइल्स आणि शटर लागत नाही. दुसरा आक्षेप वाहनाचा. स्कूटरची सीट तापते, हे खरेच. म्हणजे सीट थंड राहावी म्हणून घर तापवायचे. वाहनावर इतके प्रेम करणारा समाज रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंत इतका पुढे का असतो, हे कोडेच आहे.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ते सचिन या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत बायका साड्यांचे जॉबवर्क करतात : धागा कापणे, स्टोन चिकटवणे, लेसपट्टी लावणे. पार्सलचे गठ्ठे आले की बारा फुटी गाळा टाइप घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यांच्यासाठी दारातली शेड म्हणजे कारखाना आहे. ही गरज खरी आहे. पण ती माझे म्हणणे खोडत नाही, पक्के करते. गरज जागेची आहे, आणि शहराने ती जागा दिलेली नाही, म्हणून ती उन्हाच्या नावाने मागावी लागते. वाईट एवढेच की पुरुष कारखान्यात, मुले शाळेत आणि भर दुपारी त्या पत्र्याखाली मान घालून बसते ती नेमकी बाई. दर नगामागे मिळणाऱ्या पैशांत त्या धगीचा हिशेब कुठेच नसतो. कमीत कमी तिच्यासाठी तरी पत्रा दोन फूट वर न्यावा, भिंतीशी फट मोकळी ठेवावी, खाली चटईचे दुसरे छत टांगावे आणि वरून पांढरा रंग द्यावा. २०१० च्या मेमधल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवली गेली. पांढरे छप्पर ऊन परतवते, यात रॉकेटविद्या नाही. पण पत्र्याच्या दुकानात पांढरा असताना लोक निळा किंवा लाल उचलतात, कारण पांढऱ्याने घर बंगल्यासारखे दिसत नाही.

‘दारातल्या चार पत्र्यांवर एवढे काय?’ हा चौथा आक्षेप. त्याचे उत्तर उपहासात देता येणार नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ जण गेले, बहुतेक तिथल्या क्लासमध्ये शिकायला आलेली मुले. तो क्लास गच्चीवर चढवलेल्या वाढीव छपराखाली चालत होता; छप्पर इतके ठेंगणे की बसायला खुर्च्यांऐवजी टायर ठेवले होते, असे तेव्हा बातम्यांत आले. २५ मे २०२४ रोजी राजकोटला टीआरपी गेम झोन जळाला, २७ जण गेले. तीही पत्र्याचीच शेड होती. पाडण्याची नोटीस आदल्या वर्षी निघालेली होती आणि नियमित करून घेण्याचा अर्जही गेलेला होता. दारातली शेड आणि हे दोन प्रसंग एका मापाचे नाहीत, पण ‘तात्पुरते आहे, नंतर बघू’ हे वाक्य तिन्हीकडे तेच आहे. आणि आगीचे सोडा, वाऱ्याचे बघा. भारतीय मानकात सुरतेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. उघड्या बाजूंच्या शेडीत वारा खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गुजरातेत आले तेव्हा पत्रे उडण्याची भीती काय असते ते या किनाऱ्याने पाहिले. ते वादळही मेमध्येच आले होते, शेडी ज्या महिन्यासाठी बांधतात त्याच महिन्यात.

गंमत अशी की या वस्तीतल्या लोकांना उन्हावरचा खरा इलाज ठाऊक आहे. खान्देशातल्या धाब्याच्या घरापुढे उन्हाळ्यात मांडव पडायचा : चार मेढी, वर पऱ्हाट्या, कडुलिंबाच्या नाहीतर पळसाच्या फांद्या. ऊन गाळून येई, गरम हवा फांद्यांतून वर निघून जाई, आणि मृगाचा पाऊस पडला की मांडव चुलीत जाई. मांडवाची सगळी अडचण याच शेवटच्या गोष्टीत आहे. तो उतरतो. त्याची आकारणी होत नाही, तो भाड्याने देता येत नाही, विकताना दस्तावेजात त्याचे चौरस फूट मोजता येत नाहीत. दारातल्या कडुलिंबाचीही तीच कथा. त्याच्याइतकी थंड सावली कुठला पत्रा देणार? पण तो स्वतःच जागा धरून बसतो, म्हणून शेडीचा पहिला खांब रोवण्यासाठी आधी त्यालाच तोडावे लागते. उन्हापासून वाचण्यासाठी झाड तोडणारी माणसे वेडी नसतात. त्यांचा हिशेब चोख असतो, फक्त विषय वेगळा असतो.

तेव्हा एक सूचना. आजवरचा फेरा पाहता नियमित करण्याचा पुढचा कायदा २०३३ च्या आसपास यायला हरकत नाही. त्याच्या अर्जात क्षेत्रफळ, वापर, पार्किंग वगैरे रकाने खुशाल असावेत. फक्त एक कलम वाढवावे : दारातली शेड उन्हासाठी बांधली असे जो लिहील, त्याची पाहणी मे महिन्यात दुपारी तीन वाजताच व्हावी. अधिकारी आणि अर्जदार यांनी त्याच शेडीखाली, पंखा बंद करून, समोरासमोर बसून सगळा अर्ज भरावा, जोडलेले नकाशे तपासावेत आणि सह्या होईपर्यंत कोणी उठू नये. फी किती आकारायची हा प्रश्न पहिल्या पानावरच सुटेल, कारण दहा मिनिटांत अर्जदारच म्हणेल, ‘‘साहेब, आत बसू या.’’