दूर्वा उपटतो, पण नोकरी शाबूत आहे

ती. आई आणि बाबा,


सगळ्यात आधी हे ऐका: मंदारची नोकरी शाबूत आहे. तो रस्ते खणायच्या कामाला लागलेला नाही. तुमच्या नातीने, ओवीने पाठवलेल्या फोटोत त्याच्या अंगात नारिंगी जाकीट आहे, हातात कुदळ आहे, मागे कौन्सिलचा ट्रक उभा आहे, हे सगळं खरं. पण ते काम फुकटचं आहे. पैसे मिळत नाहीत, वर चहाबरोबरची बिस्किटं आपण न्यायची असतात. बंड्याकाकांनी तो फोटो व्याडेश्वराच्या देवळात चार जणांना दाखवून ‘जावयाचं काही खरं दिसत नाही’ असं जाहीर केल्याचं वहिनीने कळवलं. काकांना म्हणावं, आधी स्वतःच्या वाडीचा सातबारा नीट करून घ्या, मग आमच्या कुदळीकडे बघा.

आई, फोनवर तू रडत होतीस आणि मला बोलू देत नव्हतीस, म्हणून हे पत्र. मंदारचा मित्र पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. कुकर लावलाय, ओवीला पोहण्याच्या क्लासहून आणायचंय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

तर झालंय असं. आमच्या घरामागे एक ओढा आहे. त्याच्या काठावर इथली मूळची झाडं आणि गवतं परत लावणारा एक गट आहे, आणि आम्ही त्यात शिरलोय. मेलबर्नच्या पश्चिमेला, म्हणजे आमच्याकडे, जमिनीखाली लाव्हाचा काळा दगड आहे. सुमाआत्याच्या साताऱ्याच्या शेतात कुदळ मारली की जसा ठण्ण आवाज येतो ना, तस्साच. आत्याच्या गुडघ्याचं कळलं. तिला सांग, माझा खांदाही त्याच दगडाने धरलाय, तेव्हा आता जोडीने शेकत बसू. एके काळी हा सगळा मुलूख गवताळ माळ होता. आता त्यातला पाच टक्केही उरलेला नाही. बाकीच्यावर रस्ते, गोदामं आणि आमच्यासारख्यांची चार बेडरूमची घरं.

गटाच्या प्रमुख बाईंना आम्ही घरात गमबूट आजी म्हणतो. वय तुझ्यापेक्षा जास्त, पण उकिडव्या बसल्या की दोन तास उठत नाहीत. त्यांच्या राज्यात एक नंबरचा शत्रू कोण असेल? दूर्वा. हो, आपल्या दूर्वा. इथे त्यांना काउच म्हणतात. जमिनीखालून धावतात, एक काडी राहिली तरी पुन्हा गादी तयार, आणि मग कांगारू गवताच्या नाजूक रोपांचा जीव जातो. म्हणून दर शनिवारी आम्ही गुडघ्यावर बसून दूर्वा उपटतो आणि पोत्यात भरून कचऱ्यात देतो. पहिल्या वेळी माझा हातच धजेना. मनातल्या मनात बाप्पाची माफी मागितली आणि ओढली.

आता भाव ऐका. गणपतीच्या आधी एका शनिवारी इथल्या भारतीय दुकानात गेले. एकवीस दूर्वांची जुडी, रबर लावून, प्लास्टिकच्या पुडीत: पाच डॉलर! म्हणजे पावणेतीनशे रुपये! बाबा, तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी आकडा तोच राहणार आहे. शिवाय पाती पिवळी पडलेली. सकाळी जो माल मी ट्रकभर फेकून दिला होता, तो संध्याकाळी सोन्याच्या भावाने समोर मांडलेला. दुकानदाराला म्हटलं, अहो, जरा कमी करा. तर म्हणाला, ताई, फ्रेश आहे. ओढ्याकाठी याच्यापेक्षा फ्रेश मिळतं, असं त्याला सांगणार होते, पण मंदारने कोपराने ढोसलं.

मग काय, इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना निरोप धाडला आणि पुढच्या शनिवारी आमच्या गटात एकदम विक्रमी हजेरी लागली. गमबूट आजी हरखल्या. पण अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं की या बायका प्रत्येक काडी डोळ्यांजवळ नेऊन बघतात, तीन पात्यांची असली तर घेतात, नाहीतर तिथेच सोडून पुढे जातात. इतकं निवडून निवडून तण काढणारी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बाप्पाला कोवळा शेंडा हवा, आजींना मूळ हवं. शेवटी तह झाला: शेंडा आमचा, मूळ त्यांचं, आणि दोन्ही काढल्याशिवाय चहा नाही. यंदा आपल्या गणपतीला एकवीस जुड्या वाहिल्या, आई. आयुष्यात पहिल्यांदा दूर्वा मोजूनमापून वापराव्या लागल्या नाहीत. तुझी आठवण आली तेव्हा. परसातल्या विहिरीपाशी तू पहाटे वाकून एक एक काडी खुडायचीस आणि मी झोपेत ‘आले, आले’ म्हणत पडून राहायची. (शिट्टी झाली, आलेच.)

झाली खिचडी. तर इथल्या नियमांबद्दल. घरासमोर फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये हिरवळीची एक पट्टी असते. ती कौन्सिलची. तिच्यावरचं गवत मात्र आम्ही कापायचं. नाही कापलं तर पत्र येतं. मला वाटलं, गवत कापण्यापेक्षा तिथे इथलीच रोपं लावावी. गमबूट आजीही खूश होतील. तर त्याला नियमावली! गुडघ्याच्या वर झाड नको, काटे नकोत, रस्त्याकडून अमुक अंतर, फुटपाथकडून तमुक, गाडीचं दार उघडायला जागा, कचऱ्याच्या डब्याला जागा, पोस्टमनच्या पायाला जागा. एवढं सगळं सोडल्यावर मध्ये जे उरतं त्यात तुझं तुळशीवृंदावनसुद्धा मावणार नाही.

आणि खड्डा काढण्याआधी चौकशी करायची. गंमत नाही, देशभर त्याची सेवाच आहे, फुकट. पत्ता कळवायचा, मग गॅसवाले, पाणीवाले, वीजवाले, टेलिफोनवाले एकेक करून आपापल्या नळांचे आणि तारांचे नकाशे पाठवतात. मला लावायचं होतं ‘रनिंग पोस्टमन’ नावाचं जमिनीवर पसरणारं लाल फुलांचं एक चिमुकलं रोप. किंमत चार डॉलर. आले नकाशांचे गठ्ठे! दादाने विहीर खणली तेव्हा पाणाड्या हातात नारळ घेऊन चालला, नारळ उभा राहिला तिथे पहार मारली, संपलं. माझ्या चिमुकल्या खड्ड्याला इंजिनिअर नवऱ्याने दोन संध्याकाळी नकाशे वाचले आणि मग सांगितलं, ‘चमच्याने खण.’

बाबा, तुमचा खताचा सल्ला पोचला. पण सुफला आणि हाडांचं खत दोन्ही इथे चालणार नाही. बँक्सिया आणि ग्रेव्हिलिया ही मंडळी लाखो वर्षं निकस जमिनीत वाढलेली. थोड्याशा स्फुरदासाठी त्यांनी मुळांना बारीक केसांचे झुबके फोडले, आणि आता जास्त स्फुरद मिळालं की तेच बाधतं, पानं करपतात. चांगलंचुंगलं खाऊ घातलं की आजारी पडणारी झाडं! आपल्या ओवीसारखीच, आईचे डिंकाचे लाडू दिले की पोट धरून बसते. उलट बाभळीच्या जातीच्या बियांवर उकळतं पाणी ओतायचं आणि रात्रभर भिजवायचं. त्याशिवाय त्या उघडतच नाहीत. हीच ती वॉटल, ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल. त्यांच्या क्रिकेट टीमचे हिरवे-पिवळे कपडे हिच्याच रंगांचे. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही टीव्हीसमोर ज्यांना शिव्या देता, ते मुळात बाभळीचे कपडे घालून खेळतात. १ सप्टेंबरला तिचा दिवस साजरा होतो.

आई, तुला इथलं पंचांग आवडेल. हा भाग वुरुंजेरी लोकांचा. त्यांच्या मुलखातले ऋतू चार नव्हेत, सात आहेत: एक ईल माशांचा, एक वॉम्बटचा, एक ऑर्किडचा, एक बेडकाच्या पिल्लांचा. गमबूट आजींनी हे मोठ्या गांभीर्याने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे नक्षत्राला वाहनच असतं, बेडूक आलं तर पाऊस भरपूर. त्या वहीत लिहून घेत होत्या! याच लोकांचा मुरनाँग नावाचा पिवळ्या फुलाचा कंद होता, भाजून खायचे. १८३५ नंतर मेंढ्या आल्या आणि कंद खाऊन साफ. आता आम्ही तो वाफ्यात जपून लावतोय, आणि मुरनाँग उकरणाऱ्या सशांना मंदार मराठीतून शिव्या घालतो.

वॉरिगल ग्रीन्स नावाची एक पालेभाजी लावलीय. कॅप्टन कुकने खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून खायला घातली होती म्हणे. आधी उकळून पाणी फेकायचं, नाहीतर बाधते. म्हणजे अळूचीच नातेवाईक स्वभावाने. मी त्यात डाळ, दाणे, आमसूल आणि गूळ घालून फतफतं केलं. गमबूट आजींनी तीन वाट्या घेतल्या आणि विचारलं, ही आमचीच भाजी का? आमसुलं तुझ्या पार्सलमधली. पार्सल मिळालं, सांगायचंच राहिलं! मेतकूट, फणसपोळी, आमसुलं सुखरूप. पडवळाच्या बिया मात्र काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी कागद आला. इथे बी म्हणजे बॉम्ब. पुन्हा पाठवू नकोस.

पितृपक्ष पाळला. गच्ची नाही, म्हणून अंगणात ताट ठेवलं. कावळा आला नाही. मॅगपाय आला, तोही ताट सोडून मंदारच्या डोक्यावर. वसंतात ते पिल्लांपायी चोची मारतात. मंदार म्हणाला, तुझे आजोबा दिसतायत, लग्नाचा राग अजून गेला नाही.

परवा पाऊस झाला आणि ओढ्याकाठच्या निलगिरीचा वास सुटला. सर्दी झाली की बाबा रुमालावर दोन थेंब घालून उशाशी ठेवायचे, तोच. सगळी मंडळी पुढे गेली होती, मी कुदळ टेकून उभीच राहिले. इतक्या लांब येऊन घराचा वास येतो तो इथल्याच झाडाचा. आणि तुमचं ते सुरूचं बन, बाबा, ‘आपल्या गुहागरचं’, तेही मूळ इकडचंच, इथला उत्तरेचा किनारा आणि आजूबाजूची बेटं. आता भांडू नका.

त्यावरून दादाचं. त्याच्या होमस्टेच्या पुढची जास्वंदीची आणि तगरीची कुंपणं काढून त्याने फॉक्सटेल पाम लावले, असं वहिनीने फोटोसकट कळवलं. तो पाम क्वीन्सलँडच्या एका खडकाळ कोपऱ्यातला. म्हणजे मी इथे नकाशे मागवून इथल्या लोकांना त्यांची झाडं परत लावून देते, आणि हा तिथे आजीची जास्वंद उपटून इथलीच झाडं विकत घेऊन लावतो! एका रोपाला किती दिले ते सांगत नाही म्हणे. मग देवाला फूल कुठून, तर बाजारातून. दादा, कलमं तरी ठेवलीयस का?

वत्सलावैनींच्या मुलीचं लग्न ठरलं हे छान झालं. आई, आहेर माझ्या नावाने तू कर, पैसे पाठवते. बाबा, मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर थेंब वेळेवर घाला आणि माडावर कोण चढलंय ते बघायला ओटीवरून खाली उतरू नका.

बाबा हे पत्र ओटीवर मोठ्याने वाचणारच. दादा समोर असेल तर पामचा परिच्छेद गाळा. वहिनी एकटी असेल तर दोनदा वाचा.

तुमची,
शमा