चार वाजताची सावली

नागपूरहून पुण्याला बदली झाली आणि घरसामानाबरोबर ट्रकनंच जायचं मी ठरवलं. एक तर तिकीट वाचणार होतं, शिवाय काचेच्या कपाटावर नजर राहणार होती. बायको म्हणाली, "मे महिना आहे हो!" मी म्हणालो, "रात्रीचाच तर प्रवास आहे." रात्रभर गाडी हाकणारी माणसं झोपतात दिवसा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ट्रक 2012 सालचा. दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचं झाकण, त्यावर गोधडी, आणि गोधडीवर मी. मागच्या फळीवर क्लीनर घोरत होता. वर्धा येईपर्यंत गोधडीखालून ऊब जाणवत होती. पुलगावला चटके बसू लागले. कारंजा मागे पडेस्तोवर माझी एक बाजू खरपूस झाली होती. तव्यावरच्या भाकरीला निदान कुणी उलटवतं तरी!

सकाळी नऊच्या सुमारास मेहकरच्या अलीकडे एक ढाबा लागला. आवारात ऐसपैस कडुनिंब, पश्चिमेला त्याची गडद सावली. आमच्या ड्रायव्हरनं मात्र ट्रक नेऊन लावला झाडाच्या पूर्वेला, भर उन्हात.

"अहो भाऊ, सावली तिकडे आहे!"

"आत्ताची सावली घेऊन काय करता साहेब? चार वाजताची पाहा लागते."

मनातल्या मनात मी त्याची कीव केली आणि ढाब्यावरची बाज ओढून गार सावलीत ताणून दिली. बारा वाजता जाग आली ती भाजल्यामुळे. सावली माझ्या अंगावरून उठून झाडाच्या बुंध्याशी गोळा झाली होती आणि तिथून हळूहळू ट्रककडे निघाली होती. तोवर ड्रायव्हरची आंघोळ झाली होती, पिठलं-भात झाला होता, झाकण उघडून ठेवल्यामुळे इंजिनही निवलं होतं. "गाडी थंड झाल्याशिवाय माणूस थंड होत नाई जी," म्हणत तो केबिनमध्ये चढला. मीही मुकाट्यानं मागोमाग चढलो.

सावली आली तरी वारा पश्चिमेचाच होता. खिडकीतून भट्टीचं दार उघडल्यासारख्या झळा येत होत्या. करमणूक म्हणून मी ज्ञान पाजळलं. "भाऊ, एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जाणाऱ्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांना."

"बेस झालं. पण एसी चालते इंजिनावर, इंजिन चालते डिझेलवर, अन् डिझेल मोजते मालक. झोपाले कोण इंजिन चालू ठेवते?"

एवढं बोलून तो खाली उतरला, मागं गेला आणि दोऱ्या सोडू लागला. माझा कूलर सगळ्यात शेवटी चढवला होता. म्हणजे मी रात्रभर शेकून निघत होतो आणि माझ्या पाठीशी दहा फुटांवर माझाच फ्रिज आणि माझाच कूलर आरामात पुण्याला चालले होते! त्यानं कूलरची एक वाळ्याची ताटी काढली, हौदात बुडवली आणि पश्चिमेच्या खिडकीला सुतळीनं बांधली. पाण्याचा कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून आरशाला टांगला. पाच मिनिटांत त्याच झळा वाळ्याचा वास घेऊन, नरमून आत येऊ लागल्या.

एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, हे मी शाळेत घोकलं होतं. त्या गोष्टीचा वारा अंगाला लागायला चाळीस वर्षं आणि एक ट्रक लागला.

"रत्नागिरीले हे चालत नाई," ड्रायव्हर पेंगत म्हणाला. "तिथली हवाच ओली. पाणी उडणार कुठं? आपलं ऊन कोरडं हाय, म्हणून आपण वाचतो."

दर अर्ध्या तासानं क्लीनर ताटीवर मगभर पाणी मारायचा. त्यातलं निम्मं माझ्या तोंडावर उडायचं, आणि मी एकदाही तक्रार केली नाही. चार वाजता डोळे उघडले तेव्हा अख्खा ट्रक सावलीत होता आणि ढाब्यावर नव्यानं आलेला एक गृहस्थ आमच्याकडे हेव्यानं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सामान उतरलं. भाड्यावर चार पैसे जास्त द्यायला गेलो, तर ड्रायव्हरनं हात जोडले. मग त्याची नजर खिडकीकडे गेली, माझीही गेली, आणि दोघेही काही बोललो नाही.

संध्याकाळी बायको सामान मोजत होती. काचेचं कपाट शाबूत होतं.

"कूलरच्या तीन ताट्या होत्या ना? तिसरी कुठे गेली?"

"तिचीही बदली झाली," मी म्हणालो. "फिरतीवर."